नातवंडं येण्याआधी ती बाटली घरातून काढा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. दिवाळीत तुम्ही सासरी, यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी गेला होतात. पडवीतल्या फळीवर कोल्ड्रिंकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत सासऱ्यांनी कपाशीच्या फवारणीतून उरलेलं औषध ठेवलं होतं. तुमचा अडीच वर्षांचा मुलगा बाजेवर चढून त्या बाटलीपर्यंत पोचला आणि झाकण फिरवायला लागला, तेवढ्यात तुमचं लक्ष गेलं. तुम्ही बोललात तर सासरे दुखावले. “मले नातवाची कायजी नाही काय वो?” एवढंच म्हणून उठून गेले. नवरा म्हणतो, पोरावर नीट लक्ष ठेवलं की झालं. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा जायचं आहे. तुम्ही विचारताय की मुलावर लक्ष कसं ठेवायचं आणि सासऱ्यांना न दुखावता कसं सांगायचं.

मी विदर्भातल्याच एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते, कारण त्यात गुंतून तुमची शक्ती वाया जाईल. अडीच वर्षांच्या मुलावर अष्टौप्रहर लक्ष ठेवता येत नाही. कुणालाच येत नाही. माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या आईने सांगितलंय, “मॅडम, दोनच मिनिटं आत गेले होते.” त्या खोटं बोलत नव्हत्या. दूध उतू जातं, फोन वाजतो, पाहुणे येतात. सणावारी तर घरात दहा माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं, पोरगं दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेत आहे. तेव्हा लक्ष ठेवाच, पण सगळा भार त्यावर टाकू नका. खरा प्रश्न त्या बाटलीचा आहे. कीटकनाशक कोल्ड्रिंकच्या बाटलीत गेलं कसं, आणि ते परत जाऊ नये म्हणून काय करायचं, हा.

आधी ते तिथं जातं कसं ते बघू. दुकानातून लिटरची बाटली आणतात. पंधरा लिटरच्या पंपाला लागतं वीस-तीस मिली. चार-पाच एकरांचं काम झालं तरी थोडं उरतंच, आणि महागाचं असतं म्हणून फेकवत नाही. किंवा शेजारी म्हणतो, मला दोन पंपांपुरतं दे, तालुक्याला कशाला जाऊ. मग हाताशी असेल त्या बाटलीत काढून दिलं जातं. पुन्हा घट्ट बसतं असं झाकण कोल्ड्रिंकच्या बाटलीला असतं, आणि ती प्रत्येक घरात रिकामी पडलेली असते. यात कुठंही बेफिकिरी नाही. काटकसर आहे, शेजारधर्म आहे. तुमच्या सासऱ्यांनी ती बाटली जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवली, म्हणजे त्यांनी विचारही केला होता. चूक एकच झाली. ज्या बाटलीला लेकरू ‘गोड’ म्हणून ओळखतं, तिच्यात ते गेलं.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेतली आहे, आणि मी ती प्रत्येक सभेत सांगते. आपण कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. कपाशीचं औषध, तुरीचं औषध, उंदराचं औषध. पोराच्या खोकल्याचंही औषधच, आणि तेही बाटलीतूनच झाकणात ओतून देतो. मोठ्या माणसाला संदर्भावरून फरक कळतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला कसा कळावा? ‘औषध आहे, हात लावू नको’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे येतं ते लाल, गोड सिरप. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर आता हटकून ‘विष’ हाच शब्द वापरतात. तुम्हीही घरात तो रुळवा. ऐकायला वाईट वाटतो आणि मोठ्यांच्याही हाताला जरा थांबवतो.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही अशा बेताने. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका दुपारी एक आजोबा तीन वर्षांच्या नातीला खांद्यावर टाकून आत आले. पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. “काय प्यायली?” विचारलं तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी मूठ उघडली. मुठीत बाटलीचं नारिंगी झाकण होतं. घरून दवाखान्यापर्यंत ते त्यांनी तसंच आवळून आणलं होतं आणि बाटली मात्र घरीच राहिली होती. मी झाकणाचा वास घेतला. लसणासारखा उग्र. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या बऱ्याच कीटकनाशकांना तसा वास येतो आणि पोरीची लक्षणंही त्याचीच होती, म्हणून अ‍ॅट्रोपिन या उताऱ्याचं इंजेक्शन लगेच सुरू करता आलं. तासाभराने कुणीतरी मोटारसायकलवरून बाटली आणली. वर कोल्ड्रिंकचं नाव, आत चार बोटं पिवळट पाणी. कुणालाच मूळ औषधाचं नाव सांगता येईना.

पोरगी सहाव्या दिवशी उठून बसली. आजोबा त्या सहा दिवसांत घरी गेले नाहीत. वऱ्हांड्यात बसून असायचे. एकदा राउंड संपवून मी त्यांच्याशेजारी बसले तेव्हा म्हणाले, “म्याडम, आदल्याच बाजारी म्या तिच्यासाठी तशीच बाटली आणली व्हती. दोघांनी मिळून प्यायलो.” त्या मुलीला ती बाटली म्हणजे आजोबांनी आणलेला खाऊ होती. ती फळीपर्यंत चढली ती आजोबांच्या प्रेमाच्या आठवणीने. हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही, आणि तुमचे सासरे ‘मला काळजी नाही का’ म्हणाले ते वाचून मला पहिल्यांदा तेच आठवलं. काळजी होतीच. त्या आजोबांनाही होती.

आता डॉक्टर म्हणून सांगते की नुसती बाटली बदलली तर एवढं बिघडतं काय. मूळ डब्यावर एक चौकोन असतो आणि त्यातला त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल त्रिकोणाचा अर्थ असा, की प्रयोगातल्या प्राण्यांना वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत दिलं तर त्यातले निम्मे मरतात. हा हिशेब माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही, पण अंदाज घ्या. मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रावण आपल्याकडे वर्षानुवर्षं कपाशीवर वापरलं गेलं. त्याच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीत, साधारण १८०० मिलिग्रॅम विष असतं. बारा किलोच्या मुलाला किलोमागे दीडशे मिलिग्रॅम झालं. एका घोटात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने या द्रावणावर बंदीचा आदेश काढला, पण बाटलीत काढून ठेवलेल्या औषधाला ना नाव असतं ना तारीख. कोनाड्यात चार-पाच वर्षं जुनी बाटली सापडल्याची घरं मला माहीत आहेत.

डबा गेला की डॉक्टरच्या डोळ्यांवरही पट्टी बांधली जाते. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर अ‍ॅट्रोपिन आणि त्याच्या जोडीला प्रॅलिडॉक्सिम द्यायचं. रॉकेल, टर्पेंटाईन, थिनर असेल तर पोट धुवायचं नाही, कारण ते उलटून फुप्फुसात गेलं की तिथं सूज येते. आणि पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर सरसकट ऑक्सिजन लावणंही घातक, त्याने फुप्फुसांची हानी वाढते. पॅराक्वाटवर उतारा नाही. मूल पहिला दिवस-दोन दिवस बरं दिसतं, तोंड आल्यासारखं वाटतं, घरचे म्हणतात वाचलं. मग मूत्रपिंडं आणि फुप्फुसं जायला लागतात. हे तणनाशक बाजारात आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत परदेशातही माणसं चुकून ते पिऊन मेली. त्याचा काळपट रंग आणि पेयाच्या बाटलीत काढून ठेवण्याची सवय, ही कारणं होती. पुढे अनेक ठिकाणी त्यात निळा रंग, उग्र वास आणि उलटी होईल असा पदार्थ घालायला लागले.

बाटलीच्या अदलाबदलीचं सर्वांत भयंकर उदाहरण उलट दिशेचं आहे. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेचं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं; ते तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवलं गेलं असावं, असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणून रिकाम्या डब्याचंही सांगते. तो ‘छान घट्ट झाकणाचा आहे’ म्हणून घासून पुन्हा वापरू नका, पाण्याला नको, धान्याला नको, जनावरांच्या पेंडीलाही नको. तीनदा पाण्याने खळबळून ते पाणी पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडून तो निकामी करायचा.

घरी नक्की काय करायचं, हे घरावर अवलंबून आहे. तुमच्या सासरी वेगळा गोठा किंवा वावरात खोली असेल तर काम सोपं. एका खोलीचं घर असेल तर मी कपाट घ्या म्हणून सांगणार नाही. जुनी लोखंडी पेटी आणि एक कुलूप पुरतं. ती पेटी स्वयंपाकाच्या आणि पाण्याच्या जागेपासून लांब, गोठ्यात किंवा सांदवाडीतल्या छपरात ठेवा. औषध मूळ डब्यातच राहू द्या. शेजाऱ्याला द्यायचं असेल तर काढून देऊ नका. त्याने त्याचा पंप घेऊन यावं, मात्रा त्यातच ओतावी, किंवा डबाच न्यावा आणि परत आणावा. ढवळायला आणि मोजायला घरातला तांब्या, मग, चमचा वापरायचा नाही. फवारणीचा सेट वेगळा आणि पेटीतच. ‘उंच ठेवतो’ यावर माझा विश्वास उरलेला नाही. तुमचा मुलगा बाजेवरून फळीपर्यंत गेलाच की. त्याच्या वयाची मुलं वर ठेवलेली वस्तू मुद्दाम ठेवलेली आहे हे ओळखतात आणि तिचीच ओढ धरतात.

फवारणी करून आलेल्या माणसाबद्दलही सांगायला हवं. आजोबा वावरातून आले की नातू धावत पायाला मिठी मारतो. बरीच कीटकनाशकं कातडीतूनही अंगात जातात. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले, ते कुणी काही प्यायले नव्हते. तेव्हा आधी साबणाने आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मग मिठी. आणि एक अगदी हात जोडून सांगते: उवांसाठी शेतातलं कीटकनाशक पोरीच्या केसांना लावू नका. अजूनही लावतात. आईच लावते, शाळेत मुली चिडवतात म्हणून.

आता न करो, पण प्यायलंच तर. मूल गुदमरत असेल, बेशुद्ध असेल, झटके येत असतील तर १०८ ला फोन, आणि गाडी आधी मिळत असेल तर थांबू नका. तोंडात असेल ते बोटाला ओलं फडकं गुंडाळून पुसून काढा, चूळ भरता येत असेल तर भरू द्या. अंगावर, कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढा आणि साबण-पाण्याने धुवा, म्हणजे अंगातून आत जाणं थांबतं. धुणाऱ्याने आपल्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी. मग कुशीवर निजवून दवाखान्यात. बाटली, झाकण, डबा, जे असेल ते पिशवीत घालून सोबत.

उलटी काढायची नाही. आपल्याकडे पहिला उपाय तोच करतात, मिठाचं पाणी पाजून. लहान मुलाच्या रक्तात मीठ वाढून त्यानेच झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. दूध, तूप, लिंबू, चिंचेचं पाणी यांतलं काहीही देऊ नका. रॉकेल किंवा अ‍ॅसिडच्या बाबतीत उलटी म्हणजे तीच जखम दुसऱ्यांदा. काय करावं सुचत नसेल तर दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा मोफत क्रमांक आहे. आमच्यासारखे डॉक्टरही तिथं विचारतात. आणि दवाखान्यात खरं सांगा. पोलीस केस होईल या भीतीने ‘काही नाही, नुसता ताप आहे’ असं सांगणारे नातेवाईक मी पाहिलेत. अशा केसची नोंद होते, ती व्हायलाच हवी, पण चुकून घडलेल्या गोष्टीसाठी त्या वेळी कुणी तुम्हाला जाब विचारत बसत नाही. तुम्ही गप्प राहिलात तर मात्र उपचाराचा पहिला तास हातचा जातो.

आता सासऱ्यांचं. ‘तुमच्यामुळे पोरगं गेलं असतं’ हे वाक्य, ते खरं असलं तरी, म्हणू नका. ते ऐकून माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो आणि बाटली तिथंच राहते. माझा अनुभव असा, की म्हाताऱ्या माणसाला कामाची जबाबदारी दिली की ते काम पक्कं होतं. तुमच्या नवऱ्याने जायच्या आधी फोन करावा. तुम्ही नको, लेकाने करावा. “बाबा, येताना पेटी आणि कुलूप आणतोय. औषधाची पेटी तुमच्या ताब्यात. किल्ली तुमच्या करदोट्याला.” एवढंच. कुणाकुणाला औषध दिलं, किती उरलं, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं, त्यामुळे या कामाला घरात त्यांच्याइतका लायक कुणी नाही. हे त्यांना समजावण्यासाठी रचलेलं वाक्य म्हणून सांगत नाही, वस्तुस्थितीच तशी आहे. एका कुटुंबात मी हे सुचवलं होतं. पुढच्या खेपेला आजोबांनी शेजारच्या दोन घरांतल्या बाटल्याही गोळा करून पेटीत टाकल्या होत्या.

आणि ‘नुसतं गावाकडेच असं असतं’ हे मनातून काढा. शहरात दारावर येणारं सुट्टं अ‍ॅसिड आणि फिनेल पाण्याच्याच बाटलीतून येतं. अ‍ॅसिडने अन्ननलिका आक्रसलेली मुलं मी पाहिली आहेत. महिनोन्‌महिने पोटाला लावलेल्या नळीतून जेवतात. कपाटातल्या डांबरगोळ्या पेपरमिंटसारख्या दिसतात. आजीची मधुमेहाची गोळी, एकच, दोन वर्षांच्या मुलाची रक्तातली साखर धोकादायक उतरवू शकते, आणि तीही कधी कधी कित्येक तासांनी. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणारी लाल लोहाची गोळी ६० मिलिग्रॅमची असते. दहा किलोच्या मुलाने तशा दहा खाल्ल्या तर किलोमागे ६० मिलिग्रॅम लोह पोटात जातं, आणि ती मात्रा जीवघेणी ठरू शकते. दिसायला मात्र त्या चॉकलेटच्या गोळ्याच.

म्हणून गावी पोचलात की पहिल्या संध्याकाळी एक करा. मुलाच्या उंचीवर, जमिनीवर बसा आणि घर बघा. बाजेखाली, मोरीत, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, चुलीमागे, टीव्हीच्या टेबलाखाली. सासऱ्यांना सोबत घ्या. मुलाला त्यांच्या कडेवर द्या आणि तो कुठं हात टाकतो ते त्यांनाच पाहू द्या. सुरुवात मात्र तुमच्या स्वतःच्या पर्सपासून करा, त्यांच्यासमोर. डोकेदुखीच्या गोळ्या, हँड सॅनिटायझर, काय काय निघेल ते बाजूला काढा आणि पर्स वर खुंटीला न टांगता सरळ त्या पेटीत ठेवायला त्यांच्या हातात द्या.